गेटवरचे चेअरमन

कारभारी सोनवणे औरंगाबादला, हर्सूलमध्ये, भाड्याच्या खोलीत राहायला आले तेव्हा त्यांचं वय शेहेचाळीस होतं. देवगाव रंगारीच्या पुढं दोन कोसांवर त्यांचं गाव. तिथं त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. ते नऊ वर्षं दूध सोसायटीचे चेअरमन होते, आणि चेअरमनकी सुटून पाच वर्षं झाली तरी लोक त्यांना चेअरमनच म्हणत. लग्नात मंगलाष्टकांच्या आधी माइकवरून पुकारा व्हायचा, "चेअरमन कुठं राहिले? चेअरमनला पुढं घ्या." बांधावरून दोन भावांचं वाजलं की दोघंही आधी त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचे. कारभारी फार बोलत नसत. सगळं ऐकून घ्यायचे, शेवटी एखादं वाक्य बोलायचे, आणि बहुतेक वेळा ते मानलं जायचं.

मग गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव झाला. घरात वाटण्या होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, आणि तलावात नेमकं कारभारींचं रान गेलं. धाकट्या भावाचं, आप्पासाहेबाचं, रान तलावाच्या खाली होतं, त्याच्या विहिरीला पाणी वाढलं. यात कुणी कुणाचं वाईट केलं नव्हतं. मोबदला मिळाला तो मुलीच्या लग्नात गेला. आप्पासाहेब मनापासून म्हणाला, "दादा, माझं रान ते तुमचंच. दोघं मिळून करू."

कारभारींनी एक हंगाम तसं केलंही. कपाशीच्या खुरपणीत एक दिवस आप्पासाहेबाच्या बायकोनं शेतात चहा पाठवला. गड्यांसाठी किटलीत आणि नवऱ्यासाठी थर्मासमध्ये. कारभारींना किटलीतला आला. घाईत झालं असेल. कारभारींनी पेला हातात घेतला, जरा वेळ धरला आणि बांधावर ठेवून दिला. संध्याकाळी घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले, "आपण शहरात जाऊ."

आशाबाई भाकरी थापत होती. "काय करायचं तिथं जाऊन?"

"काईबी करू. तिथं आपल्याला कोण वळखतंय?"

तेव्हा तिला हे बोलणं शहाणपणाचं वाटलं होतं.

शहरात त्यांना कंपनीत काम मिळेल असं वाटत होतं. पण शेहेचाळीस वर्षांच्या, बारावी नापास माणसाला कंपनीत कोण घेणार? वाळूजला कंपन्यांच्या चार गेटांवरून परत आल्यावर एका ठेकेदारानं त्यांना जटवाडा रोडच्या एका हाउसिंग सोसायटीत वॉचमन म्हणून लावलं. दिवसपाळी. निळा शर्ट, खांद्याला पट्टी, गळ्यात शिट्टी. गावी त्यांनी सांगितलं, कंपनीत सुपरवायझर आहे. आशाबाईला हर्सूल टी पॉइंटजवळच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम मिळालं. परगावाहून शिकायला आलेली मुलं तिथं जेवत. सकाळी दीडशे, संध्याकाळी दीडशे पोळ्या.

तिचे खांदे रात्री ठणकायचे. पण शहर तिला त्यांच्याइतकं बोचलं नाही. सोळाव्या वर्षी आपलं गाव, आपलं घर, आपलं आडनाव सोडून ती परक्या घरी आली होती. तिथं दहा वर्षं तिला सगळे 'कारभाऱ्याची' म्हणायचे, आणि पुढं 'चेअरमनची'. मेसच्या मालकिणीनं पहिल्या दिवशी विचारलं, "नाव काय तुमचं?" आशाबाईला सांगताना क्षणभर अडखळायला झालं होतं, इतके दिवस ते कुणी विचारलं नव्हतं. मेसमध्ये तिला आशामावशी म्हणत. पोरं ताट पुढं करून म्हणायची, "मावशी, एक गरम टाका ना." एवढ्यानंही तिचं भागत होतं.

कारभारींचं भागत नव्हतं. सोसायटीत साठ फ्लॅट होते. साठ फ्लॅटांतून त्यांना एकच हाक यायची, "वॉचमन!" माणसं वाईट नव्हती. दिवाळीला मिठाई द्यायची, जुना स्वेटर द्यायची. कुणी पिशव्या वर न्यायला सांगायचं, कुणी गाडी पुसायला. कारभारी सगळं करायचे. घरी येऊन मात्र ते शर्ट काढून खिळ्याला टांगायचे आणि त्याच्याकडं पाठ करून बसायचे. जेवताना आशाबाई विचारायची, "आज काय झालं?" ते म्हणायचे, "तिथं काय व्हणार? गाड्या आल्या, गाड्या गेल्या."

दुसऱ्या वर्षी सोसायटीची वार्षिक सभा होती. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडायचं काम कारभारींकडं होतं. त्यांनी दुपारपासून खुर्च्या पुसल्या, ओळीत लावल्या. सभेला माणसं जमली, आणि सेक्रेटरी माइक हातात घेऊन म्हणाले, "चेअरमनसाहेब, या. पुढं या."

कारभारी मागच्या खांबापाशी उभे होते. ते पुढं निघाले. विचार करून नाही, पायच निघाले. शर्टाचं वरचं बटण लावत ते दोन ओळी ओलांडून गेलेसुद्धा. तेवढ्यात पहिल्या रांगेतून सोसायटीचे चेअरमन उठले, निवृत्त प्राध्यापक होते ते, आणि टेबलामागच्या खुर्चीवर जाऊन बसले. एका बाईंनी सहज विचारलं, "वॉचमन, तुम्ही कुठं निघालात?" दोघं-तिघं हसले. हसण्यात काही विष नव्हतं.

"खुर्ची कमी हाय का ते बघत व्हतो," कारभारी म्हणाले.

हे त्यांनी आशाबाईला तेव्हा सांगितलं नाही. तिला दिसलं ते एवढंच, की त्या आठवड्यापासून त्यांचं जेवण तुटलं. पहाटे तीनला ते उठून बसायचे. छातीत धडधड व्हायची, हात गार पडायचे, बोटांना मुंग्या यायच्या. सकाळी कामावर निघताना चप्पल घालून दारात पाच-पाच मिनिटं उभे राहायचे. गल्लीतल्या डॉक्टरनं छातीची ईसीजीची पट्टी काढली. पट्टी चांगली आली. त्यानं पित्ताच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या डॉक्टरनं ताकदीचं इंजेक्शन दिलं. कारभारी म्हणायचे, "मशीनला दिसत नाय, पर माझ्या छातीत काईतरी हाय."

आशाबाईला कीव यायची, आणि रागही यायचा. दोन्ही एकदम आले की ती भांडी जोरात घासायची. एकदा ती बोलून गेली, "माझेबी खांदे जातात. मी कुनाला सांगू? मला आजारी पडायला सवड तरी हाय का?"  कारभारींनी ताटाला नमस्कार केला आणि अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले. नंतर कितीतरी दिवस तिला ते वाक्य आठवत राहिलं.

उन्हाळा लागला. दोन हजार बाराचा तो उन्हाळा शहराला फार जड गेला, सोसायटीत दिवसाला चार-चार टँकर यायचे. त्याच सुमारास बी विंगमधला रिकामा फ्लॅट विकला गेला. नवा मालक वीज खात्यात इंजिनिअर होता. सामान चढवताना कारभारी गेटवर होते. टेम्पोच्या मागून एक रिक्षा आली, आणि तिच्यातून एक उंच, काळासावळा म्हातारा उतरला. पांढरा स्वच्छ सदरा, पायात बूट, डोळ्यांना चष्मा.

कारभारींनी त्याला चालण्यावरून ओळखलं. डावा पाय जरा बाहेर टाकायची सवय. तो सांडू होता.

सांडू त्यांच्या घरी सालगडी होता. त्याच्या आधी त्याचा बाप, फकिरा. सांडू बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून त्यांचे बैल सांभाळायचा. जेवण त्याला गोठ्याच्या दारात मिळायचं, वरून वाढलेलं. चौऱ्यांशी साली तो एक दिवस कुणाला न सांगता गाव सोडून गेला आणि परत आला नाही. पुढं कुणीतरी सांगितलं होतं की तो औरंगाबादला हमाली करतो. मग तेही कुणी सांगेनासं झालं.

कारभारी गेट उघडं टाकून मागच्या मागं पाण्याच्या मोटरीच्या खोलीत शिरले. टेम्पो रिकामा होऊन निघून जाईपर्यंत ते आतच होते.

त्या दिवसापासून हे रोजचं झालं. सांडू सकाळी सातला फिरायला निघायचा, संध्याकाळी पाचला बाकावर येऊन बसायचा. त्या वेळा कारभारींना पाठ झाल्या. बी विंगच्या जिन्यावर बूट वाजले की ते मोटरीच्या खोलीत जायचे. तिथं उभं राहायला जेमतेम जागा होती. अंधार, ओल, आणि मोटरीचा घरघर आवाज. आत गेलं की छातीतली धडधड आणि मोटर यांतलं काय कुठलं ते त्यांना कळायचं नाही. लोक तक्रार करू लागले, वॉचमन जागेवर नसतो.

वैशाखातल्या एका संध्याकाळी टँकर आला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. गेट उघडेना. त्यानं पुन्हा वाजवला, मग हात हॉर्नवरच ठेवला. गॅलऱ्यांतून माणसं ओरडू लागली, "वॉचमन! अरे कुठं मेला हा?" सांडू बाकावर होता. तो उठला, त्यानंच गेट उघडून टँकर आत घेतला, आणि पाइप जोडायला मोटरीच्या खोलीचं दार लोटलं.

कारभारी जमिनीवर बसले होते. पाठ भिंतीला, दोन्ही हात छातीवर, अंग घामानं भिजलेलं. डोळे उघडे होते, पण त्यांना श्वास घेता येत नव्हता. "मी चाललो," ते म्हणत होते. "मी चाललो."

सांडू वाकला. त्यानं चष्मा वर केला. मग गावाकडच्या माणसांकडून इतकी वर्षं कानावर आलेल्या नावानं हळूच म्हणाला, "चेअरमन?"

गल्लीतल्या एका माणसानं मेसमध्ये निरोप आणला तेव्हा आशाबाईचे हात कणकेत होते. ती तशीच धावत गेली. तोवर कारभारी बाकावर बसले होते, श्वास आला होता, चेहरा मात्र मातीसारखा झाला होता. शेजारी एक म्हातारा त्यांना पाणी पाजत होता. आशाबाईनं सांडूला कधी पाहिलं नव्हतं, तिच्या लग्नाआधीच तो गेला होता. त्यानं स्वतःच ओळख सांगितली आणि म्हणाला, "वहिनी, छाती तपासून झाली न्हवं? मग आता घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेऊ. तिथं जिवाच्या घाबरेपणाचे वेगळे डॉक्टर असतात. सकाळी साताला निघू, मी येतो."

"मला नाय यायचं," कारभारी म्हणाले.

"तुम्हाला कोण इचारतंय," सांडू म्हणाला.

घाटी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीसमोर सकाळीच मोठी रांग होती. दीड तासानं नंबर आला. आतल्या माणसानं मान वर न करता नाव, वय, पत्ता विचारला, आणि मग म्हणाला, "सोबत कोण आहे? पूर्ण नाव सांगा."

"सांडू," कारभारी म्हणाले, आणि थांबले.

"पुढं?"

कारभारींनी शेजारी पाहिलं. अठरा वर्षं हा माणूस त्यांच्या दारात होता. त्याच्या बापाचं नाव त्यांना ठाऊक होतं, पण आडनाव त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं, किंवा ऐकलं असेल तर लक्षात ठेवलं नव्हतं. मागची रांग खोळंबली होती.

"सांडू फकिरा साळवे," सांडू म्हणाला. "गाववाले लिहा."

पुढं पुन्हा बाकावर बसायचं होतं. पंख्याला वारा नव्हता. समोर एक बाई आपल्या तरण्या मुलाचा हात घट्ट धरून बसली होती, तो उठू बघायचा आणि ती पुन्हा बसवायची.  मग सांडू बोलायला लागला. कुणाकडंही न बघता, समोरच्या भिंतीकडं बघत.

"चौऱ्यांशीची गोष्ट. तुमच्या गोठ्यात मी असाच पडलो व्हतो. असंच, छातीत धडधड, हात गार. वाटलं, गेलो आता. तुमचे वडील म्हणले, ढोंग करतंय, कामाचा कटाळा. तुम्ही बादली आणली आन माझ्या अंगावर वतली. आठवतं का?"

"नाय," कारभारी म्हणाले.

"नसंल आठवत. तुम्ही लहान व्हता, ईसेक वर्षांचे. मी काय उणंदुणं काढत नाय, चेअरमन. सांगतो एवढ्यासाठी की मला ते त्याच्या आधीपासून तीन वर्षं व्हतं. गोठ्याकडं निघालं की सुरू व्हायचं. माय म्हणायची, भाईरचं लागलं. भगताकडं नेलं, धागा बांधला. मलाबी वाटायचं, लागलंच असंल. मग मी इकडं आलो. शहागंजात कमरोद्दीन शेठच्या आडतीवर पोती उचलायला लागलो. काम गावाच्या दुप्पट. पाठ सोलून निघायची. पर दुपारी शेठ म्हणायचा, सांडूभाई, आओ, खाना खा लो. त्याच्या शेजारी, जेवायला अंथरलेल्या त्याच्याच दस्तरखानावर. पहिल्या दिवशी मी लांब जाऊन बसलो. तर चिडला माझ्यावर. दोन महिन्यांनी माझ्या ध्यानात आलं की धडधड बंद झाली. कुनी औषध दिलं नाय, काई नाय. पोत्यावर पडलो तरी झोप लागायची."

आशाबाई ऐकत होती. कारभारी जमिनीकडं बघत होते.

"मग मला का झालं हे?" ते म्हणाले. "हितं मला कुनी मारत नाय, शिव्या देत नाय."

"ते मला काय ठावं," सांडू थकल्यासारखा म्हणाला. "डॉक्टरला इचारा. मी सहावी शिकलोय."

डॉक्टर एक तरुण बाई होती. तिच्या टेबलावर केसपेपरांचा ढीग होता. तिनं झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, आणि मग म्हणाली, "काम काय करता?"

"कंपनीत," कारभारी म्हणाले. "सुपरवायझर."

आशाबाई मागं उभी होती. दोन वर्षं तिनं हेच सगळ्यांना सांगितलं होतं, मुलीला, जावयाला, आपल्या भावाला. आता तिला ते एकदम उचलवेना.

"वॉचमन आहेत, बाई," ती म्हणाली. "हाउसिंग सोसायटीत. दोन वर्षं झाली."

कारभारींनी वळून तिच्याकडं पाहिलं. 

डॉक्टरनं दोघांपैकी कुणालाच खोटं पाडलं नाही. तिनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "त्याच्या आधी काय करत होता?"

कारभारी आधी अडखळत बोलले. दूध सोसायटी म्हणाले, आणि थांबले. तिनं विचारलं, किती दूध यायचं? मग ते बोलू लागले. सकाळी पाचला कॅन कसे यायचे, दुधाची फॅट मोजताना लोक कसे डोळे लावून बसायचे, एका बाईच्या दुधात पाणी निघालं तेव्हा चारचौघांत न बोलता तिच्या घरी जाऊन कसं सांगितलं. तलावाचं बोलले. किटलीतल्या चहाचं बोलले. सभेत पाय पुढं कसे निघाले तेही बोलले. चहाचं आणि सभेचं आशाबाईनं पहिल्यांदाच ऐकलं. बाहेर रांगेतला कुणीतरी दारावर टकटक करून गेला. डॉक्टरनं त्यांना थांबवलं नाही.

शेवटी ती म्हणाली, "काका, तुमचं हृदय चांगलं आहे. पण तुम्हाला जे होतं ते खोटं नाही. खरंच होतं ते, आणि बऱ्याच जणांना होतं. गोळ्यांनी झोप येईल, धडधड कमी होईल. बाकीचं गोळ्यांनी होणार नाही. दर पंधरा दिवसांनी या. जे आत्ता बोललात, तसं बोलत राहायचं." चिठ्ठी लिहिता लिहिता तिनं मान वर केली. "आणि मावशी, तुम्ही? तुम्हाला झोप लागते?"

आशाबाईला आधी कळलंच नाही की हे आपल्याला विचारलंय. "मला काय झालंय? पडलं की मेल्यावानी झोपते," ती म्हणाली. "पर उठलं की झोपल्यासारखं वाटत नाय, बाई. कधीच नाय."

घरी आल्यावर कारभारी तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. गोळ्या मात्र घेतल्या. तीही बोलली नाही, माफी मागायची इच्छा नव्हती आणि भांडायची ताकद नव्हती. ताट वाढायची, ताट उचलायची. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते दारात बसले होते. ती लसूण सोलत होती.

"आठवतं मला," ते म्हणाले.

"काय?"

"बादली. मी हसलो व्हतो. जोरजोरात हसलो व्हतो, तो थरथरत व्हता तेव्हा."

आशाबाईनं सोलणं थांबवलं नाही.  "त्याला सांगा," ती शेवटी म्हणाली.

त्यांनी सांगितलं की नाही हे तिला पुष्कळ दिवस कळलं नाही. पुढं एकदा सांडूच तिला म्हणाला, "सांगितलं. मी म्हणलो, बरं. आता दुसरं काय म्हणणार?"

सोसायटीत सेक्रेटरींचं म्हणणं पडलं की आजारी वॉचमन नको, दुसरा बघा. सांडू आपल्या इंजिनिअर मुलाला म्हणाला, तू कमिटीत शब्द टाक. मुलगा भला होता, पण नव्यानंच तिथं आला होता. "बाबा, तुम्ही कशाला मधी पडता? लोक विचारतील, वॉचमन तुमचा कोण लागतो." सांडू म्हणाला, "इचारू दे. मी सांगीन, आमच्या गावचे चेअरमन हायेत. तुला लाज वाटत आसंल तर मी जातो." मुलगा दोन दिवस घुश्शात होता, तिसऱ्या दिवशी गेला. शेवटी असं ठरलं की कारभारींना काढायचं नाही, मागच्या गेटवर बसवायचं. तिथं गाड्या कमी आणि ऊन जास्त. कारभारींना ते उतरल्यासारखंही वाटलं आणि सुटल्यासारखंही. संध्याकाळी सांडू बाक सोडून मागच्या गेटपाशी येऊन बसायचा. दोघं फार बोलत नसत. पावसाचं, कापसाचं, गावातलं कोण मेलं कोण उरलं याचं. कधी कधी नुसतेच बसून राहायचे. कारभारी त्याला आता 'सांडूभाऊ' म्हणत, पण ते जिभेवर सहज येत नसे, प्रत्येक वेळी आधी थोडं थांबायला लागायचं. सांडूच्या ते लक्षात यायचं.

थंडीत आप्पासाहेब आला. त्याच्या मोठ्या मुलाचं लग्न ठरलं होतं, पत्रिका द्यायला तो शहरात फिरत होता. हर्सूलच्या खोलीला कुलूप बघून त्यानं शेजारी चौकशी केली. शेजाऱ्यानं भोळेपणानं सोसायटीचा पत्ता सांगितला. आप्पासाहेबानं मोटरसायकल मागच्या गेटशी थांबवली आणि समोर निळ्या शर्टात भाऊ बघितला.

पूर्वी असं झालं असतं तर कारभारी कुठंतरी शिरले असते. त्या दिवशी ते उठले नाहीत. नंतर ते आशाबाईला म्हणाले, "धैर्य नव्हतं गं ते. लपायलाबी ताकद लागती. ती उरली नव्हती."

"दादा, हे काय?" आप्पासाहेब म्हणाला.

"हे काम करतो मी. पहिल्यापासून हेच करतो."

"आन कंपनी?"

"कंपनी नव्हतीच."

आप्पासाहेब गाडीवरून उतरला. "गावात सांगायचं न्हाय मला," तो म्हणाला. "मी न्हाय सांगणार कुणाला."

"सांग," कारभारी म्हणाले. "तू सांगितलंस तर मला सांगायला लागणार नाय."

आप्पासाहेबानं पत्रिका दिली, पाया पडला आणि निघताना डोळे पुसले. गावात मात्र त्यानं सांगितलं. कुणी हळहळलं, कुणी पारावर चेष्टा केली. दोन महिन्यांत कारभारींना गावाकडून तीन फोन आले. तिघांचं बोलणं एकच होतं. चेअरमन, पाऊस नाय, रानात काय राहिलं नाय, आमच्या पोराला कुठं गेटवर चिकटवता का? कारभारींनी एकाला लावूनही दिलं, जटवाडा रोडच्याच दुसऱ्या सोसायटीत. लावून देताना त्याला म्हणाले, "पहिले सा महिने लई जड जातील. छातीत धडधडलं तर गप बसू नको, मला सांग."

धडधड त्यांची अगदी गेली नाही. डॉक्टरनं गोळी अर्धी केली, मग एकदा पुन्हा पूर्ण करावी लागली. काही दिवस बरे जातात, काही दिवस नाही. वाईट दिवशी ते कामावरून आल्यावर भिंतीकडं तोंड करून पडतात आणि आशाबाई त्यांना उठवत नाही.

पुतण्याच्या लग्नाला ती दोघं गेली. मंडपात माइकवर चेअरमनला पुढं घ्या असं कुणी म्हणालं, की नाही, हे गर्दीत तिला नीट ऐकू आलं नाही, आणि तिनं ते विचारलंही नाही. पंगतीत बसून जेवली, जावेशी चार शब्द बोलली, नव्या सुनेची ओटी भरली. दुपारची एसटी पकडून ती दोघं परत निघाली. गाडीत उभं राहायलाच जागा होती. वेरूळला दोन माणसं उतरली तेव्हा एक सीट मोकळी झाली. कारभारी म्हणाले, "बस तू." ती बसली आणि शहर येईपर्यंत खिडकीच्या दांडीला डोकं टेकून झोपली. मेसमध्ये तिनं संध्याकाळचीही सुट्टी मागून ठेवली होती. स्वतःसाठी मागितलेली, तीन वर्षांतली पहिलीच.